दारात थांबलेली रिक्षा

आमच्या गडमुडशिंगीतल्या मुलींना कोल्हापूरच्या शाळेत नेणारे रिक्षावाले मामा कुणासाठीच थांबत नसत. गल्लीत एकदाच हॉर्न वाजवायचे आणि ओरडायचे, "आवरा की! शाळंची घंटा तुमची वाट बघती व्हय?" मला त्यांचा थोडा धाकच वाटे.

एका सोमवारी मात्र माझी लेक शाळेत अर्धा तास उशिरा पोचली. त्याच रिक्षातल्या चौथीच्या एका मुलीला तिच्या आईनं धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवलं होतं. मामा रिक्षा बंद करून तिच्या उंबऱ्यावर बसून राहिले. "उद्या नक्की पाठवते," असं आईनं कबूल केल्यावरच ते उठले.

संध्याकाळी मी त्यांना जाब विचारला.

"चुकलंच माझं, वैनी," ते पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "पर तुमच्या पोरीचा अर्धा तास बुडला. ती चौथीतली पोर आठ दिस झालं शाळंलाच न्हाय. आणखी आठ दिस घरीच ऱ्हायली, तर वर्गात काय चाललंय त्येच तिला कळायचं न्हाय. मग तीच म्हणंल, मला जायाचं न्हाय."



दुसऱ्या दिवशी ती मुलगी रिक्षात होती. घाईत तिची एकच वेणी घालून झाली होती. माझी लेक तिच्याशेजारी बसली आणि दुसरी वेणी घालू लागली.