मासोळीचा उपास

"अरे धाव! फाटी गयी! पुरी फाटी गयी!"

पुढच्या खोलीतून माझी माय ओरडत होती. तिचा आवाज असा, की धानोऱ्याकडे निघालेली एस.टी.सुद्धा आमच्या गल्लीपाशी ब्रेक दाबते, एखादा प्रवासी मागे राहिला की काय म्हणून. दाढीचा अर्धा फेस तोंडावर घेऊन मी धावलो. वाटलं, गेलं तिचं नवं लुगडं. पण फाटली होती ती मासोळीची शेपटी.

ही नारिंगी मासोळी, म्हणजे गोल्डफिश, खरं तर माझं औषध. डॉक्टर म्हणाले होते, "गुरुजी, ब्लडप्रेशर वाढलंय. घरात मासे पाळा आणि बघत बसा." दुकानदाराने दिलेल्या काचेच्या टाकीसमोर मी मोजून एक संध्याकाळ बसलो असेन. दुसऱ्या दिवसापासून औषध मायच्या ताब्यात. आम्ही दोघं नवरा-बायको सकाळी शाळेत जायचो ते दिवस कलल्यावर यायचो. मधला सगळा वेळ घरात माय आणि ती. सुनेच्या तक्रारी, गुडघ्याची कळ, साठ वर्षांपूर्वी कोणत्या नणंदेने काय टोमणा मारला, सगळं काचेला नाक लावून सांगितलं जायचं. मासोळी तोंड उघडायची, मिटायची. इतकं मन लावून ऐकणारं कुणी आमच्या सात पिढ्यांत जन्मलं नव्हतं. ती गेली तर मायने बोलायचं कुणाशी, हा विचार माझं ब्लडप्रेशर आणखी वाढवून गेला.

शेपटीच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या आणि मधून चिंध्या लोंबत होत्या. मोबाइलवर फोटो काढून मी बाजारात टाकी देणाऱ्या त्याच मासेवाल्याकडे गेलो. त्याने फोटो मोठा करून पाहिला. मासोळी नव्हे, पाणी.

"सर, ही टाकी आहे का आमटीचं पातेलं?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. सकाळी दादर ज्वारीच्या भाकरीचा चुरा, दुपारी शेव, चहाला पाहुणा आला की त्याच्या हातून चार पोहे. पाहुण्याने खाल्लं आणि मासोळीने पाहिलं, हे मायला कसं खपावं? त्या पाण्यात मिरचीची रोपं लावली असती तर मिरचीसाठी नावाजलेल्या कोरीटचे शेतकरी बघायला आले असते आणि येताना पोती घेऊन आले असते.

"उरलेलं खाणं कुजतं," मासेवाला म्हणाला, "पाणी नासतं, अन् नासलेलं पाणी शेपटी खातं. तीन दिवस खाणं बंद. रोज तिसरा हिस्सा पाणी काढा, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं घाला. थोडं खडेमीठ टाका. बस."

घरी येऊन मी हुकूम वाचून दाखवला.

"तीन रोज?" माय कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मन्हा घरमा आजलोंग कुत्रंबी उपाशी ऱ्हायनं नही!"

"माय, तिला उपास आहे असं समज."

पंचवीस वर्षं पोरांना शिकवून मी हे वाक्य बोललो. खानदेशातल्या म्हातारीला उपास समजावून सांगणारा मी पहिलाच शहाणा.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर टाकीत गारा पडलेल्या. जवळ जाऊन पाहिलं, भिजवलेला साबुदाणा. तळाशी भगर. वर दाण्याचं कूट तरंगतंय. एवढं ताट मला आषाढी एकादशीलाही मिळालं नव्हतं.

"हे काय, माय?"

"उपासले चालस." मग आवाज खाली आणून, "अन् ते खडेमीठ मी फेकी दिधं. शेंदेलोण टाकं. तू मास्तर शे, तुले इतलंबी समजत नही?"

मी सगळं उपसलं, पाणी बदललं. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा साबुदाणा, आणि मासोळी एका कुशीवर पडलेली. कल्ला हलतोय न हलतोय. मग मात्र माझा तोल गेला.

"तुझ्याच हाताने मरतेय ती! तुझ्याच हाताने!"

जी बाई म्हसावदच्या बाजारात एका काकडीसाठी आख्खी रांग थोपवून धरते, तिने हातातली वाटी मोरीत ठेवली आणि मागच्या ओट्यावर जाऊन बसली.

त्यानंतर मी रोज पाणी बदललं, मीठ टाकलं, मासेवाल्याकडून आणलेला मासोळीच्या खाण्याचा डबा कपाटात कुलूप लावून ठेवला. कुलपाची गरजच नव्हती. माय टाकीकडे फिरकतच नव्हती. मासोळी आधी सरळ झाली, मग पोहायला लागली. दोन-तीन आठवड्यांनी शेपटीच्या फाटक्या कडेला काचेसारखी पातळ नवी झालर फुटली. पुढच्या खोलीत आता इतकी शांतता, की भिंतीवरच्या पालीलाही अवघडल्यासारखं व्हावं. मासोळी काचेला तोंड लावून उघडायची, मिटायची. समोर कुणी नसायचं.

एका रविवारी मी डबा घेऊन ओट्यावर गेलो. माय सुपात दादर पाखडत होती.

"माय, चल. बरी झाली ती. आज चार दाणे तुझ्या हातून टाक."

तिने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सूप पुन्हा हलवलं.

"तूच टाक. माले कामं शेतस."