पोत्यातली माती

वसमतला आमच्या शेजारी भाड्यानं राहणाऱ्या काकू घटकाभर एका जागी बसत नसत. त्यांच्याकडे बघूनच मला दम लागायचा. परसात नुसता मुरूम होता. "चहाचा चोथा फेकू नका, सालं फेकू नका," म्हणत त्या दारोदार फिरायच्या आणि हळदीचा पाला, शेण, सगळं त्या मुरमावर कुजवायच्या.

वांगी अशी लगडली, की घरमालकाला एकाएकी घर हवंसं झालं.

निघताना काकूंनी कुजवून तयार केलेली काळी माती पोत्यांत भरली.

"माती काहून नेऊन राहिल्या?" मालक ओरडला.

"तुमचा मुरूम ठेवलाय की!"

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. काकू चढल्या, पुन्हा उतरल्या. एक पोतं ओढून त्यांनी परसातल्या कढीपत्त्याच्या बुडाशी रिकामं केलं.

"भांडण मालकाशी हाय. झाडाला काहून तकलीफ?"