चिंगीचं वकीलपत्र

जो माणूस समोर नसेल त्याची बाजू घेऊन भांडायचं, हा आमच्या वकीलसाहेबांचा धर्म होता. खरं तर ते हायडेलबर्गला रसायनशास्त्रात पीएचडी करत होते. कायद्याचं पुस्तक त्यांनी कधी उघडलंही नसेल. त्यांच्याच फ्लॅटमध्ये मी भाड्याने राहायचे, आणि तिसरा लुकास नावाचा जर्मन मुलगा. लुकासने बाथरूम धुतलं नाही म्हणून मी कावले, की चहाचा कप खाली ठेवून हे सुरू, "आल्झो," म्हणजे जर्मनमधलं 'तर मग', "त्या बिचाऱ्याचीही काही बाजू असेल." अरे, पुट्झप्लानवर, म्हणजे साफसफाईच्या तक्त्यावर, त्याचं नाव आहे, पाळी त्याची आहे, बाजू कसली डोंबलाची! पण शेवटी बाथरूम मीच धुवायचे, वर लुकासची दयाही यायची.

शहर सोडून जाणाऱ्या एका विद्यार्थिनीकडून त्यांनी फेरेटची जोडी आणली. मुंगसासारखा लांबुडका, मांजरापेक्षा खोडकर प्राणी. एकटा ठेवला तर झुरतो, म्हणून दोन. नराचं नाव बाळ्या, मादीचं चिंगी. दोघं एकाच कापडी झोळीत एकमेकांच्या गळ्यात पडून झोपायची आणि उठली की माझे मोजे पळवायची. चिंगी वकीलसाहेबांच्या स्वेटरच्या बाहीत शिरून बसायची. तेवढा वेळ हा माणूस तो हात न हलवता, दुसऱ्या हाताने टाइप करत राहायचा.

वसंत आला आणि बाळ्या माजावर आला. तो वास! नाकाला ओढणी बांधून मी वरणाला फोडणी द्यायचे. शेवटी आम्ही दोघं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाईंनी स्वच्छ सांगितलं, "दोघांचंही ऑपरेशन करा. मादीला सुरी नको असेल तर निदान हार्मोनचं इम्प्लांट बसवा."

"नराचं केलं की पिल्लांचा प्रश्न मिटला," वकीलसाहेब म्हणाले. "मग तिला कशाला?"

बाईंनी समजावलं, की या जातीची मादी एकदा माजावर आली आणि नर मिळाला नाही, तर तिचा माज बहुधा आपणहून उतरत नाही. आतल्या आत रक्त बनणं थांबतं, जिवावर बेततं. पण साहेब ऐकतील तर ना! बाहेर पडताच ट्रामच्या स्टॉपवर मलाच सुनावलं, "आमच्याकडे ऑपरेशन नेहमी बाईचंच. माझ्या आईला कुटुंब नियोजनाच्या कॅम्पमध्ये नेऊन आडवी केली, तेव्हापासून तिची पाठ दुखते. बाबांना कुणी म्हणालं का, तुम्ही करून घ्या? या घरात पुरुष ऑपरेशन करून घेईल. चिंगीला कुणी हात लावायचा नाही."

काय सांगू, मला ते पटलं नाही, पण अभिमान वाटला. असं बोलणारा पुरुष मी आमच्या अख्ख्या खानदानात पाहिला नव्हता.

बाळ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतरही काही आठवडे नर बाप होऊ शकतो, म्हणून साहेबांनी त्याला वेगळं ठेवलं. स्वतः जमिनीवर गादी टाकून दोन पिंजऱ्यांच्या मध्ये झोपले. मुदत संपल्यावर दोघांना एकत्र सोडलं, तेव्हा ती दोघं अशी काही नाचली की लुकाससुद्धा टाळ्या वाजवायला लागला.

चिंगी माजावर आली होतीच. मागचा भाग सुजला होता, आणि ऑपरेशन झालेल्या बाळ्याचा काही उपयोग नव्हता, त्यामुळे माज उतरायचं नाव नाही. "अरे, बाईंना दाखव," मी धोशा लावला. "निसर्ग आहे तिचा," साहेब म्हणाले, "उतरेल. तुम्हाला सगळ्यांना तिच्यावर सुरीच चालवायची आहे." बोलून दमले मी.

मग तिच्या शेपटीचे केस गळाले. एके दिवशी ती बाहीत शिरायला निघाली आणि मागचे पाय तिथेच फतकल मारून बसले. हिरड्या पांढऱ्याफटक. साहेब तिला छातीशी धरून तसेच, घरातल्या चपलांवरच बाईंकडे धावले. बाईंनी इंजेक्शनं दिली, दुसऱ्या फेरेटचं रक्तही चढवलं. पण फार उशीर झाला होता, चिंगी गेली. बाईंनी एका शब्दानेही बोल लावला नाही. साहेब उभे राहिले, मान खाली.

घरी येऊन त्यांनी आईला फोन लावला. स्वयंपाकघरात मी होते, फोन स्पीकरवर. त्यांनी रडत सगळं सांगितलं. तिच्या ऑपरेशनवरून आपण चिंगीचं टाळलं, तेही. आई म्हणाली,

"अरे राजा, तुला कुणी सांगितलं मला धरून नेलं म्हणून? तुझ्या वेळी मी मरता मरता वाचले. पुन्हा दिवस गेले असते तर उरले नसते. तुझे बाबा नको म्हणत होते, मी भांडून करून घेतलं."

"आणि पाठ?"

"पाठ दुखते रे. पण मी आहे ना!"

थोड्याच महिन्यांत त्यांना बॉनला नोकरी लागली. बाळ्याचा पिंजरा गाडीत चढवायला मी खाली गेले. एकटा पडल्यापासून तो नीट खात नव्हता, म्हणून तिकडे जाऊन दुसरी मादी आणणार होते, आधीच ऑपरेशन झालेली. माझ्याने राहवेना.

"मनाला लावून घेऊ नकोस रे," मी म्हटलं. "तू सगळं तिच्यासाठीच केलंस."

"म्हणूनच गेली ती," ते म्हणाले, आणि गाडीचं दार लावून घेतलं.