शौकतभाईंचं शून्य

शौकतभाईंना नुसतं "झालं की" म्हटलेलं खपत नसे. कामाला पाठवलेला माणूस परत येऊन तसं म्हणाला की ते चष्म्यावरून बघत. "झालं ते दिसतंय. नीट झालं का, ते सांग."

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस शाहूपुरीतल्या एका कॉम्प्युटर सेंटरात आम्ही कॉलेजांचे निकाल छापत असू. प्रोग्राम शौकतभाईंचे. छपाईचा मुख्य प्रोग्राम आधी गुण जुळवणारा दुसरा प्रोग्राम चालवी. तो संपताना एक आकडा परत देई. शून्य म्हणजे काम नीट झालं, एक म्हणजे बिघडलं. शून्य आलं तरच छपाई. "बिघाडाला आकडा लागतोय," ते मला सांगत. "नीट झाल्यावर काय सांगायचं ऱ्हातंय? शून्य."

आमच्या मालकांना ते शून्य खुपे. लग्नाच्या पाकिटात न चुकता वरचा एक रुपया घालणारा माणूस. "गिऱ्हाइकासमोर पडद्यावर शून्य? अपशकुन हाय त्यो. एक करा."

"मालक, एक म्हंजे बिघडलं. दोन्हीला एकच आकडा दिला, तर मशीननं वळखायचं कसं?"

मालक हसले, आणि शौकतभाई रजेवर गेल्यावर त्यांनी आपल्या भाच्याकडून दोन्ही प्रोग्रामांत शून्याचं एक करून घेतलं. बिघाडाचा एक होता तसाच राहिला.

पुढच्याच निकालाला डिस्क भरली. गुण अर्ध्यावर अडले, बिघाडाचा एक आला, आणि मुख्य प्रोग्रामनं तो शुभ समजून खुशाल छपाई केली. निकालात अर्धी मुलं गैरहजर. प्राचार्य तणतणत आले तेव्हा मालकांनी सरळ शौकतभाईंकडं बोट दाखवलं. मी भाच्याचं नाव घेतलं. मालक म्हणाले, "तुमालाबी घरी जायाचं हाय का?"

टेबल आवरताना शौकतभाई एवढंच बोलले, "नोकरी गेली तर जाऊ दे की. माझं नाव तेवढं ह्या घोळाला चिकटवू नगा."

मालकांनी ते गावभर चिकटवलं. भाचा मॅनेजर झाला. शौकतभाईंना कुणी दारात उभं केलं नाही. ते हुपरीला मेहुण्याकडं पैंजण घासत बसले. त्या मामा-भाच्यांचा मला आजही संताप येतो.

शौकतभाई वारल्याचं कळलं तशी मी हुपरी गाठली. घर ठाऊक नव्हतं. स्टँडवर पानवाल्याला विचारलं.

"कंचा शौकत, पावणं? हितं लई हायती. पोरांचं निकाल बुडवलेला?"

मयत उचलायची वेळ होत आली होती. मी "व्हय" म्हणालो. त्यानं लगेच गल्ली दाखवली.