व्हिसा झाला का?

व्हेनिसमध्ये पाचही दिवस पाऊस पडला. बरं झालं पडला. ऊन असतं तर मला ते शहर आवडलंही असतं, आणि मग माझा मलाच आणखी राग आला असता.

खरं तर तिथे जायचं होतं बाबांना. त्यांची अख्खी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्यावर गेली. काठाला खेटून घरं बांधू नका, म्हणून लोकांवर ओरडण्यात उमेदीची वर्षं गेली. जिथे घराच्या उंबऱ्यालाच पाणी लागतं ते गाव एकदा बघायचं, एवढी एकच हौस. गुडघे साथ देताहेत तोवर नेऊ, म्हणून आम्ही त्यांना पुण्याहून सिंगापूरला, बिशानच्या आमच्या घरी आणलं आणि चौघांची तिकिटं काढली.

त्याआधी फोनवर मी विचारलं होतं, "बाबा, व्हिसा झाला का?" ते म्हणाले, "झाला." तो सिंगापूरचा. इटलीचा वेगळा लागतो हे मी सांगायला हवं होतं. पण मी, नवरा आणि लेक, आम्हा तिघांकडे सिंगापूरचे लाल पासपोर्ट. ते हातात आल्यापासून युरोपला जायला व्हिसा लागतो हेच आम्ही विसरलो होतो. एकेकाळी त्याच रांगेत उभं राहून शिव्या घालणारी माणसं आम्ही!

चांगी विमानतळावर काउंटरवरच्या बाईने बाबांचा पासपोर्ट तीनदा उलटूनपालटून पाहिला, तेव्हा कळलं, त्यात इटलीचा व्हिसाच नाही. नवरा तिच्याशीच वाद घालायला लागला. मी त्याच्यावर खेकसले, "बुकिंग करताना डोळे कुठे होते तुझे?" तो म्हणाला, "वडील तुझे आहेत." त्यात लेक इथल्या सिंगापुरी इंग्रजीत, "आजोबा, नेव्हर माइंड, नेक्स्ट टाइम कॅन लाह!" अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कसलं डोंबलाचं नेक्स्ट टाइम?

आणि बाबा? "तुम्ही जा. माझं काय, घराखालीच हॉकर सेंटर आहे, जेवणाची सोय होते." टॅक्सीत बसल्यावर त्यांनी आम्हाला हातही केला.

आम्ही गेलो. मला हे अजून गिळता येत नाही.

तिथे चौकात पाणी चढलं होतं. फळ्यांवरून ओळीने चालायचं, छत्र्या एकमेकांत अडकायच्या. नवरा फोटो काढताना म्हणाला, "हस ना जरा." भर पावसात, भर चौकात मी त्याला नको नको ते बोलले. आजूबाजूच्या कुणाला मराठी कळत नव्हतं, तेवढंच नशीब.

परतल्यावर बाबांनी फोटो मागितले. चष्मा पुसून, बोटांनी मोठा करून एकेक पाहिला. हे पाणी उतरायला किती वेळ लागतो? भिंतीवर शेवाळ कुठवर आहे? पाया कशाचा? मला एकाचंही उत्तर देता येईना. "असू दे," ते म्हणाले, "मजा आली ना तुम्हाला?"

माझं डोकंच फिरलं. "बाबा, एकदा तरी चिडा ना माझ्यावर! चूक माझी होती. तुम्हाला एकट्याला टाकून गेले मी!"

त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. "चिडलो असतो, तर थांबली असतीस?"

"हो," मी म्हणाले. इतक्या झटकन म्हणाले, की ते खोटं आहे हे आम्हा दोघांनाही कळलं.