आमच्या फिरकीवाल्याची नाहरकत

आमच्या कोरीट गावच्या संघात मी बारा वर्षं यष्टिरक्षण केलं. त्यातली नऊ वर्षं एकाच गोलंदाजाच्या जिवावर माझं नाव झालं. तो लेगस्पिन टाकायचा. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्यांचं शेत आमच्या शेताला लागून, मधे फक्त बांध आणि दोन बोरी. त्यांच्याकडे मिरची आणि पपई, आमच्याकडे कापूस. मी डी.एड. करून शेजारच्या गावात शिक्षक झालो, तो शेतीत राहिला.

त्याला कुणी शिकवलं नाही. टीव्हीवर बघून, मग खळ्यात भिंतीवर चेंडू टाकून टाकून त्याने ती कला कमावली होती. त्याची गुगली आमच्या तालुक्यात कुणालाच ओळखता यायची नाही. मला यायची. चेंडू सुटण्याआधी त्याचं मनगट जरा जास्त वाकायचं आणि करंगळी आभाळाकडे व्हायची, तेवढ्यावरून मी यष्टीच्या मागे डावीकडे सरकायचो. फलंदाज पुढे येऊन फसायचा आणि मी बेल्स उडवायचो. लोक म्हणायचे, या दोघांची जोडी आहे. ते ऐकायला मला फार आवडायचं.

एका डिसेंबरात आम्ही खापर गावच्या स्पर्धेत खेळायला गेलो. तिथे उपांत्य सामन्यात त्याने सहा गडी बाद केले. ट्रॉफी ज्यांनी दिली होती ते कापडाचे व्यापारी, राजस्थानातून दोन-तीन पिढ्यांपूर्वी आलेलं घर, सगळे त्यांना शेठ म्हणत. सामना संपल्यावर शेठांनी मला दुकानात बोलावून घेतलं. कर्णधार मी होतो म्हणून मला. गादीवर बसवून चहा पाजला आणि सांगितलं की त्यांचे मेहुणे गुजरातेत भरूचकडे एक क्लब चालवतात. तिथे चांगली खेळपट्टी आहे, मॅटवर सराव चालतो, हिवाळाभर सामने असतात आणि मोठ्या संघांची निवड करणारी माणसं ते बघायला येतात. या पोराला चार महिने पाठवा, राहण्या-जेवण्याची काळजी आमची. पुढे त्याचं काय होईल ते त्याच्या नशिबाने.

परतताना तो माझ्या मोटारसायकलवर मागे बसला होता. अक्कलकुवा ओलांडल्यावर मी त्याला शेठांचं बोलणं सांगितलं. तळोद्याच्या अलीकडे त्याने मागून विचारलं, "मी जाऊ का, भाऊ?"

हे त्याने मला विचारायला नको होतं. घरी वडिलांना विचारायचं, स्वतःला विचारायचं. पण त्याने मला विचारलं, आणि मी म्हटलं, सगळ्यांना विचारून ठरवू.

दोन दिवसांनी ग्रामपंचायतीजवळच्या पारावर संघ जमला. मी विषय मांडला. मांडतानाच असा मांडला की उत्तर काय येणार ते मला ठाऊक होतं. त्याच महिन्यांत आपले तालुक्याचे सामने आहेत, असं मी म्हटलं. खेळपट्टीवर रोलर ओढणारी, त्याच्या चेंडूवर झेल घेणारी पोरं इथली आहेत, असंही म्हटलं. मग कुणीतरी म्हणालं की देशाच्या खेळाडूंनासुद्धा बोर्ड परदेशातल्या लीगमध्ये खेळू देत नाही, निवृत्त झाल्यावरच सोडतं, मग आपण का सोडायचं? सगळे हसले, पण मी ते उचलून धरलं. शाळेतून आणलेल्या वहीत मी माझ्या वळणदार अक्षरात नियम लिहिला: कोरीट संघाकडून खेळणाऱ्याने संघातून निवृत्त होईपर्यंत बाहेरच्या संघाकडून खेळू नये, खेळायचे असल्यास कर्णधाराची नाहरकत घ्यावी. हात वर करायला सांगितले. सगळ्यांनी केले. त्यानेही केला.

मी पारावर जे बोललो त्यात खोटं काही नव्हतं. एक गोष्ट मात्र मी बोललो नाही. तो गेला तर मी कोण उरतो? साध्या मध्यमगती गोलंदाजांच्या मागे उभा राहून चेंडू अडवणारा एक मास्तर. माझं सगळं कसब त्याच्या मनगटाशी बांधलेलं होतं, आणि ते मनगट गुजरातेत गेलं की माझे ग्लोव्ह्ज खुंटीला.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर शेठांचा फोन आला. नंबर त्यांच्याकडे माझाच होता. मी सांगितलं की त्याचं लग्न ठरतंय, यंदा जमणार नाही. लग्न ठरत होतं हे खरं, पण मी त्याला विचारलं नव्हतं. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा फोन आला. त्या वेळी मी म्हटलं, त्याची इच्छा दिसत नाही. शेठ म्हणाले, ठीक आहे मास्तर, ज्याची त्याची मर्जी. त्यानंतर फोन आला नाही. दोन्ही वेळा संध्याकाळी तो बांधावर भेटला, आम्ही मिरचीवरच्या रोगाबद्दल बोललो, आणि फोनचं मी पोटात ठेवलं. पहिल्या वेळी थोडं जड गेलं. दुसऱ्या वेळी तेवढंही नाही.

त्या काळात आम्ही दोनदा तालुक्याची ढाल जिंकली. त्याला एकदा जिल्ह्याच्या निवड चाचणीला बोलावणंही आलं. मीच घेऊन गेलो. तिथे मॅट अंथरलेली होती. मॅटवर चेंडू इतका उसळत होता की टप्पा कुठे टाकायचा हे त्याला समजेना; त्याचे चेंडू आखूड पडू लागले आणि फलंदाज मागे सरून ते फटकावू लागले. तो कधी मॅटवर खेळलाच नव्हता. घरी येताना मी त्याला म्हटलं, पुढच्या वर्षी होईल. तो हो म्हणाला. पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही.

मग वर्षं गेली, तशी ती जातात. त्याला दोन मुली झाल्या, वडील गेले, शेतीचा सगळा भार त्याच्यावर आला. पाठीवर फवारणीचा पंप घेऊन दिवसभर फिरायचं. तिशी उलटल्यावर त्याचा उजवा खांदा दुखू लागला. हात वर नेला की आत काहीतरी कटकन वाजायचं. तरी तो खेळत राहिला. गुगली मात्र कमी कमी होत गेली. मला ती दिसेना म्हणून समजलं.

सामना असला की तो माझ्याकडे टीव्ही बघायला यायचा. एकदा बातमी लागली की देशाचा एक नावाजलेला गोलंदाज इथल्या सगळ्या क्रिकेटमधून निवृत्त झाला आणि आता परदेशातल्या लीगमध्ये खेळणार. माझा पुतण्या आणि त्याचे मित्र वाद घालू लागले. एक म्हणे, देशाचे सामने नसतात त्या महिन्यांत जाऊ द्यायला काय हरकत आहे, परदेशातले खेळाडू इथे येतातच की. दुसरा म्हणे, दुखापत झाली तर नुकसान कुणाचं? देशाने घडवला तर देशाचा हक्क पहिला. मी मास्तर म्हणून दोन्ही बाजू समजावून सांगत होतो. तो खाली चटईवर बसून ऐकत होता. मग म्हणाला, "रिटायर व्हयना का सोडतस. तव्हय त्यानाजोडे काय ऱ्हास?"

म्हणजे, थकल्यावर सोडतात. तेव्हा त्याच्यापाशी उरतं काय? पोरं दुसऱ्या विषयाकडे वळली. मला मात्र पुढचा सामना दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी मी ती वही शोधली आणि नियमावर रेघ मारली. शेठ आता म्हातारे झाले होते, दुकान त्यांचा मुलगा बघत होता. त्यांच्याकडे जाऊन मी विनंती केली की तुमच्या मेहुण्यांकडे एखादा सामना खेळायला मिळाला तर बघा. त्यांनी फोन लावून दिला. मेहुणे भला माणूस. म्हणाले, जरूर या, रविवारी आमचे आपसातले सामने असतात. गावात येऊन मी त्याला सांगितलं. मला वाटत होतं मी काहीतरी मोठं देतोय. त्याने खांदा चोळला आणि म्हणाला, बरं, जाऊ.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही पहाटे निघालो. थंडी होती. तो मागे बसून होता, मफलरने कान बांधलेले, मांडीवर बुटांची पिशवी. गुजरातची सीमा ओलांडल्यावर सागाचं जंगल लागलं. मैदान बघितल्यावर तो थांबला. हिरवं, सपाट, कडेला पांढरा पडदा, खेळपट्टीवर एक म्हातारा माणूस हळूहळू झाडू मारत होता. आमचा फिरकीवाला वाकून गवताला हात लावून आला.

त्याला तीन षटकं मिळाली. पलीकडची पोरं विशी-बाविशीची, नेटमध्ये फिरकीवर वाढलेली. त्यांनी त्याचा चेंडू हातातूनच ओळखला. दुसऱ्या षटकात त्याने गुगली टाकायचा प्रयत्न केला. खांदा वर गेलाच नाही, चेंडू फुलटॉस पडला आणि सीमेपलीकडे गेला. तिसऱ्या षटकानंतर त्यांच्या कर्णधाराने त्याच्या पाठीवर हात ठेवला, काहीतरी अदबीने बोलला आणि त्याला सीमारेषेवर उभं केलं. मी त्या दिवशी यष्टीमागे नव्हतो. कडेला खुर्चीवर बसलो होतो. इतक्या वर्षांत मी त्याची गोलंदाजी पहिल्यांदा बाजूने बघत होतो, आणि बाजूने बघताना कळलं की त्याचा हात आता कानापर्यंतही पोचत नाही.

जेवणाच्या वेळी मेहुणे आमच्या पंगतीला बसले. मोडक्या मराठीत, प्रेमाने बोलत होते. खांद्याला काय झालं ते विचारलं, आमच्याकडच्या एका डॉक्टरचं नाव देतो म्हणाले. मग हळहळून म्हणाले, "तीन वर्षं तुमच्यासाठी इथे एक खाट रिकामी ठेवली होती. शेठ दर वर्षी निरोप देत होते. तुम्हीच नको म्हणालात ना?"

त्याचा हात ताटात थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं, म्हणजे त्याला जे कळायचं ते कळलं. मग मेहुण्यांकडे वळून तो शांतपणे म्हणाला, "हो. मीच नको म्हटलं होतं. घरचं काम होतं."

आणि त्याने वरण मागून घेतलं.

येताना मी खापरला चहासाठी गाडी थांबवली. काहीतरी बोलायचं होतं म्हणून. टपरीसमोरच्या बाकावर बसल्यावर त्यानेच विचारलं, "किती येळ बलावं त्यासनी?"

मी सांगितलं, पहिलं तुला ठाऊक आहे, त्यानंतर दोनदा. कारण सांगायला सुरुवात केली, तुझं लग्न होतं, आपले सामने होते. माझं मलाच ऐकवेना, तेव्हा थांबलो. त्याने ग्लास संपवला आणि बाकावर ठेवला.

"मी इचारं नही, तू सांगं नही," तो म्हणाला. "जव्हय बलावतस तव्हयच जावानं ऱ्हास, भाऊ."

बोलावतात तेव्हाच जायचं असतं, हे म्हणताना त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही धरायला मिळालं असतं. त्याने मफलर बांधला आणि गाडीजवळ जाऊन उभा राहिला.

गावात त्याने कुणालाही काही सांगितलं नाही. पारावर विचारलं तेव्हा म्हणाला, मैदान फार सुंदर आहे, माणसं चांगली आहेत. मेहुण्यांनी सांगितलेली गोष्ट आजवर गावात कुणाला ठाऊक नाही. त्या मोसमात तो एकदाही मैदानावर आला नाही. कुणी बोलवायला गेलं की खांदा दाखवायचा. त्याच्याशिवाय मीही दोन सामने उभा राहिलो, मग तरुणाला जागा द्यायची म्हणून सोडलं. टीव्ही बघायला तो आता येत नाही. विहिरीची पाळी, बांधावरचं गवत, वीज केव्हा येणार, हे सगळं तो पूर्वीसारखंच बोलतो. आम्ही भांडलो आहोत असं बघणाऱ्याला वाटणार नाही.

शाळेत मधल्या सुट्टीत हा वाद अजून निघतो. राष्ट्रीय खेळाडूंना परदेशात केव्हा सोडावं? कुणी म्हणतं निवृत्तीनंतर, कुणी म्हणतं मोसम मोकळा असेल तेव्हा. मला म्हणावंसं वाटतं की नियम करणारा तुम्ही बघा. त्याचं स्वतःचं त्या खेळाडूवर काय अवलंबून आहे ते आधी विचारा, मग त्याची कारणं ऐका. कारणं खरीही असतात. माझीही होती. पण हे मी बोलत नाही. कुणी विचारलं, तुम्हाला काय माहीत, तर काय सांगू?

गेल्या महिन्यात एकदा मी मनाशी ठरवून त्याच्या शेतात गेलो. पपईची तोड चालू होती. तो झाडाखाली बसून एकेक पपई वर्तमानपत्रात गुंडाळून क्रेटमध्ये लावत होता. मी समोर बसलो आणि म्हटलं, माझं चुकलं. त्याने मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ हो होता की जाऊ दे होता, मला कळलं नाही. थोडा वेळ मीही दोन-चार पपया गुंडाळल्या. निघताना त्याने एक पिकलेली वेगळी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, वहिनीला द्या.

अहो-जाहो त्याने मला याआधी कधी केलं नव्हतं.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, काय म्हणाला. मी म्हटलं, काही नाही, काम चालू होतं त्याचं.