जाऊबाईंचे वाल आणि माझा तारा

टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यावर मी खालापूरजवळ सासरच्या गावी राहायला आले आणि गच्चीवर अँटेना उभारल्या. पूर्वी टीव्हीसाठी असायच्या तशाच काड्यांच्या, फक्त बऱ्याच लांब आणि एकदम चार. नातेवाईक म्हणाले, या वयात लोक देवदर्शनाला जातात. मी म्हटलं, जा की, तुम्हाला कोणी धरलंय?

मला पल्सार पकडायचा होता. पल्सार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. तो स्वतःभोवती गरगर फिरतो आणि दर फेरीला त्याच्या रेडिओलहरींचा झोत आपल्यावरून जातो. मी निवडलेल्याची एक फेरी पाऊण सेकंदाच्या आतच पुरी होते. ते ठोके फार क्षीण असतात. तासन्‌तास लहरी नोंदवायच्या, मग संगणकाने त्या नोंदीचे फेरीएवढे तुकडे करून एकावर एक रचायचे. तारा सापडला असेल तर पडद्यावरच्या रेषेला एका जागी उंचवटा येतो. कानाचं त्यात काही काम नाही. पण जाऊबाईंना एवढं कुठे समजावत बसू, म्हणून मी त्यांना ‘तारा ऐकते’ एवढंच सांगून ठेवलं होतं.

जाऊबाई शेजारच्या घरात राहतात. थोरले दीर गेल्यापासून एकट्याच. भाताचं मुलगा येऊन-जाऊन बघतो, पण भातानंतरचे वाल त्यांचे स्वतःचे. लेकीकडे, नणंदांकडे कडव्या वालांची पिशवी पोचली नाही तर त्यांना वर्ष फुकट गेल्यासारखं वाटतं. रानडुकरं एका फेरीत वाफेच्या वाफे लोळवतात, म्हणून बांधाला तारेचं कुंपण आणि त्याला झटका मशीन. ते ठरावीक वेळाने तारेत विजेचा हलका झटका सोडतं.

फेब्रुवारीत माझा तारा संध्याकाळी पाच ते आठ चांगला वर असतो. पहिल्याच संध्याकाळी रेषेवर हा मोठा उंचवटा! मी एवढ्याने ओरडले की जाऊबाई भाकरी तव्यावर टाकून आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कर्जतहून पेढे आणवले आणि गावभर वाटले. “आमच्या धाकटीनं तारा धरला हाय!”

पेढे संपले आणि मला शंका आली. एवढ्या लांबच्या ताऱ्याचा उंचवटा इतका ठसठशीत कसा? सकाळी तारा मावळलेला असताना पुन्हा नोंद घेतली. उंचवटा तिथेच. जुना ट्रान्झिस्टर घेऊन शेतात गेले, तर कुंपणाजवळ तो टक्, टक् करायला लागला. ताऱ्याच्या दोन फेऱ्या होतील तेवढ्यात मशीनचा एक झटका, हे माप जवळजवळ जुळत होतं. आणि मी उतावळेपणाने संगणकाला ‘जवळजवळ’ची मोकळीक दिली होती, म्हणून त्याने कुंपणाचे झटकेच ताऱ्याचे ठोके समजून रचले.

चूक माझी. राग मात्र काढला जाऊबाईंवर. “पेढे वाटायला कोणी सांगितलं होतं? आणि ते मशीन आहे की पीडा!” त्या सुपातले तांदूळ निवडत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता त्या अंगणात आल्या. “मशीन बंद केलंय गं. आठाला लावीन. ऐक तू.”

“आणि डुकरं?”

“ती काय येवढ्या लवकर येतात व्हय? तू तुझं बघ.”

मलाही तेच ऐकायचं होतं, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

आठ संध्याकाळी गेल्या. नवव्या दिवशी साडेसातला सगळ्या नोंदी एकत्र रचल्या आणि रेषेवर एक बारीकसा उंचवटा आला. माप आता अगदी काटेकोर ठेवलं होतं, तरी तो टिकला. अँटेना दुसरीकडे फिरवलेल्या दिवसाची नोंद लावली, त्यात तो नव्हता. हाच तो. मी चपला न घालता जाऊबाईंकडे धावले. दाराला कुलूप.

त्या शेतात सापडल्या. बांधावर बसलेल्या, मांडीवर तेलाचा रिकामा डबा, हातात काठी. समोर चांदण्यात वालाचे तीन वाफे पार आडवे झालेले. पलीकडच्या कोपऱ्यात एक डुक्कर जमीन उकरत होतं. जाऊबाई उठल्या, दोन्ही हातांनी पदर फडकवला, एक ढेकूळ मारलं. तोंडातून शब्द नाही. डबा तसाच काखेत.

“अहो, डबा वाजवा ना!”

“नको गं,” त्या कुजबुजल्या. “तुझ्या मशीनीत आवाज जाईल. इतके दिस जपलंय.”

त्यांनी ढोल-ताशे आणले असते तरी माझ्या रेषेवर ओरखडा उठला नसता. हे सांगायला एक मिनिट पुरलं असतं. ते एक मिनिट मी त्यांना कधी दिलं नव्हतं. माझी मला लाज वाटली.

“आला का गं ऐकू?”

“आला, जाऊबाई.” मला रडू फुटलं.

“मंग आता वाजवू?”

“वाजवा.”

त्यांनी तो डबा असा बडवला की डुक्कर ओढ्यापार पळालं. मी खाली बसून तुडवलेल्या शेंगा ओच्यात वेचायला लागले.